कुंभ राशीतला माणूस

"नाव शेवटी टाकू नका," नाझरे म्हणाले. "शेवटचं काय होतं ते मला माहीत आहे."

ते खाटेवर बसले होते, मी पत्र्याच्या खुर्चीवर. खोली सांगलीच्या गावभागात, बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीच्या मागे होती. तारीख १४ फेब्रुवारी १९८४, मंगळवार, सकाळचे साडेदहा. वहीत तशी नोंद आहे.

"काय होतं?" मी विचारलं.

"तुम्ही लेख वरून लिहिता, आम्ही तो खालून कापतो. जागा कमी पडली की शेवटच्या ओळी आधी जातात. एकेचाळीस वर्षं कापल्यात मी. किती लोकांचे आभार माझ्या हातानं गेले असतील, सांगता येत नाही."

केशव हरी नाझरे पंचांगाच्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारे. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो, वय सव्वीस. राशींची नावं कशी पडली यावर रविवार पुरवणीत माझी बारा भागांची माला चालू होती. मेषेपासून मकरेपर्यंतचे दहा भाग मी नगर वाचनालयातल्या विश्वकोशांवर निभावले होते. कुंभेला येऊन अडलो. बाकीच्या राशींमध्ये काहीतरी आकार दिसतो, विंचू तर स्पष्ट दिसतो. कुंभेत घडा कुठे आहे हेच कळेना. आमच्याकडचे फोरमन रज्जाकभाई म्हणाले, "नाझरेमास्तरांकडे जा. आम्हाला खिळे त्यांनीच शिकवले. राशी त्यांना पाठ आहेत."

"घडा दिसतो का तुम्हाला आकाशात?" नाझऱ्यांनीच मला विचारलं.

"नाही."

"कुणालाच दिसत नाही. फिकट चार तारे आहेत. बाबिलोनच्या लोकांना तिथं पाणी ओतणारा देव दिसायचा. ग्रीकांना पाणी ओतणारा पोरगा दिसला. सूर्य त्या भागात आला की त्यांच्याकडे पावसाळी दिवस, म्हणून पाणी."

"आणि आपल्याकडे नुसता घडा. माणूस कुठे गेला?"

"आहे की. जुन्या वर्णनात आहे. खांद्यावर रिकामा घडा घेतलेला पुरुष, असं आहे ते. नावात घडा राहिला, पुरुष गळला. आमच्याकडे चित्रांचे ठसे होते, त्यात तर कलश आणि वर नारळ. मी मालकांना म्हटलं, नारळ काढा, हे काय लग्न आहे? ते म्हणाले, नाझरे, गिऱ्हाइकाला नारळ लागतो."

ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला बराच वेळ चालला. मी वहीत 'पुरुष गळला' याच्याखाली रेघ ओढली.

"रिकामा का पण?" मी विचारलं. "पाणी ओतणाऱ्याची रास आणि घडा रिकामा?"

"हे सुमती विचारायची."

सुमती त्यांची मुलगी. तिची रास कुंभ. सहा वर्षांची असताना ती शाळेतून रडत आली होती. कुणीतरी मोठ्या मुलीनं तिला सांगितलं होतं, तुझी रास म्हणजे रिकामं मडकं.

"मी तिला म्हटलं, रिकामाच असणार. तो भरलेला घेऊन निघाला होता, ज्याचं पाणी त्याला पोचवलं, आता परत चाललाय. घरी जाणाऱ्या पाणक्याचा घडा रिकामाच असतो. मग ती रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की विचारायची, बाबा, पोचवलं का?"

"हे कुठल्या ग्रंथात आहे?"

"कुठल्याच नाही. मी तिला सांगितलेलं आहे."

मी ते शब्दशः उतरवून घेतलं. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच मला विश्वकोशात नसलेलं काहीतरी मिळालं होतं.

वही मिटायला लागलो तेव्हा त्यांनी पुन्हा नावाचं काढलं. नाव हवं आणि पत्ता हवा, एवढीच अट होती. कारण त्यांनी न विचारताच सांगितलं. १९६९ मध्ये सुमतीनं दवाखान्यातल्या एका कंपाउंडरशी लग्न केलं. मुलगा ख्रिस्ती, आडनाव रणभिसे. नाझऱ्यांनी तिला सांगितलं, पुन्हा या दारात येऊ नकोस. ती आली नाही. पुढे त्यांची बायको वारली, घरमालकानं जुनी चाळ पाडली आणि ते या खोलीत आले. सुमतीनं यायचं ठरवलं असतं तरी तिला दार सापडलं नसतं. अलीकडे एका ओळखीच्या कंडक्टरनं सांगितलं होतं की ती जतच्या बाजूला कुठेतरी असते.

"मग जाहिरातच द्या ना," मी म्हणालो. "आमच्याकडे छोट्या जाहिराती असतात."

"काय म्हणून देऊ? हरवली आहे म्हणून? हरवली नाही ती, मी घालवली. आणि जाहिरात म्हणजे सगळ्या गावासमोर तिला बोलावणं. तिला यायचं नसेल तर? तुमच्या लेखात नाव सहज येईल. कुंभेवर लिहिलंय म्हटल्यावर ती वाचणार. यायचं असेल तर येईल, नसेल तर पान उलटेल. तिला कुणाला जबाब द्यावा लागणार नाही."

"तुम्हीच जतला जाऊन बघा."

"डॉक्टरांनी आठ महिने दिले होते. त्यातले पाच वापरले. आता जिना उतरायचा तर आदल्या दिवशी ठरवावं लागतं."

मी म्हणालो, "दुसऱ्या परिच्छेदात टाकतो."

"तिथं बरं पडेल," नाझरे म्हणाले.

मी शब्द पाळला. म्हणजे लिहिताना पाळला. दुसऱ्या परिच्छेदात त्यांचं पूर्ण नाव, एकेचाळीस वर्षांची नोकरी, गिरणीमागची खोली, सगळं घातलं. जुळवल्यावर त्याच्या सात ओळी झाल्या. शेवटचा परिच्छेद पाणक्याचा होता. त्याच्याही सातच झाल्या.

पुरवणीचं पान शुक्रवारी दुपारी लागायचं. साडेतीनला एका साखर कारखान्याची निविदा आली आणि जाहिरात खात्यानं ती माझ्या लेखाखाली बसवली. रज्जाकभाई गॅलीवर, म्हणजे जुळवलेल्या ओळींच्या तबकावर, वाकून म्हणाले, "सात ओळी जातात, चिवटेसाहेब. खालून काढू?"

खाली पाणक्या होता.

त्या आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या दैनिकानं माझ्याकडून लेखांची कात्रणं मागवली होती. उपसंपादकाची जागा होती. मी मनात ठरवून टाकलं होतं की कुंभेचा लेख सगळ्यात वर लावायचा, आणि तो त्या शेवटच्या परिच्छेदासाठीच लावायचा. बाबिलोनच्या चार आणि ग्रीकांच्या तीन ओळी काढल्या असत्या तरी सात भरत होत्या. हे मला तेव्हाच, गॅलीपाशी उभा असताना, सुचलं होतं. पण त्या ओळींमुळे लेख अभ्यासू दिसत होता.

"वरून दुसरा परिच्छेद काढा," मी म्हणालो. "त्याच्याही सातच आहेत."

रज्जाकभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तो मास्तरांचा आहे."

"पुढच्या रविवारी टाकू. चौकटीत."

"मास्तरांना सांगितलंय?"

"मी सांगतो."

"तुम्ही साहेब," ते म्हणाले आणि खिळे उचलायचा चिमटा हातात घेतला. सात ओळी काढून त्यांनी त्या सुतळीनं बांधल्या आणि भिंतीलगतच्या फळीवर ठेवल्या. पान पावणेपाचला छपाईला गेलं. मी नाझऱ्यांना सांगायला गेलो नाही.

लेख १९ फेब्रुवारीला आला. सोमवारी अकराच्या सुमारास नाझरे कचेरीत आले. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. त्यांनी त्या कशा चढल्या मी पाहिलं नाही, वर आलो तेव्हा ते खिळ्यांच्या खणांजवळच्या स्टुलावर बसले होते आणि रज्जाकभाई त्यांच्यासाठी चहा ओतत होते. पुरवणी त्यांच्या मांडीवर होती.

"सात ओळी," ते मला म्हणाले.

"हो. ऐन वेळी निविदा आली."

"ते दिसतंय. तिसऱ्या परिच्छेदात 'ते सांगतात' असं राहिलंय. आधी कुणाचं नावच नाही आणि ते सांगतात. वाचणाऱ्याला वाटेल, बाबिलोनचा देवच सांगतोय."

रज्जाकभाई हसले नाहीत. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी चौकट देतो. नाव, पत्ता, सगळं. ओळी जुळवलेल्या तयार आहेत."

नाझऱ्यांनी मान वळवून फळीवरची सुतळी बांधलेली पुडी पाहिली. ओळखली असावी. मग बोट पानावरून खाली नेलं, शेवटच्या परिच्छेदावर थांबवलं.

"हे ठेवलंत."

"ते फार चांगलं होतं."

"चांगलं आहे," ते म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. "ती हे ओळखेल. नाव नसलं तरी ओळखेल. पण ओळखून जाणार कुठं? जुन्या चाळीपाशी जाईल, तिथं आता लॉज आहे. तिचं पत्र आलं तुमच्याकडे तर मला कळवा."

"लगेच कळवतो."

"मालेला पत्रं येतात ना?"

"येतात."

पत्रं येत होती. रोज दहा-पंधरा. त्यातल्या बहुतेकांना राशीच्या नावाशी काही घेणं नव्हतं. माझी रास मेष, नोकरी कधी लागेल. मुलीची कन्या, स्थळ कधी येईल. शेजाऱ्याची वृश्चिक, घर बदलू का. पहिले तीन आठवडे मी सगळी उघडली. मग न उघडता टेबलाखालच्या गोणपाटाच्या पिशवीत टाकायला लागलो. त्या सोमवारनंतर दोन दिवस मी आलेली पत्रं उघडून पाहिली. बुधवारी २२ तारखेला विधान परिषदेच्या बातम्यांचं काम माझ्यावर पडलं आणि त्या दिवसाचं टपाल तसंच पिशवीत गेलं. पुढचंही.

चौकट आली नाही. संपादक म्हणाले, "खुलासा छापायचा म्हणजे आधीच्या लेखात चोरी केली असं कबूल करणं. समारोपाच्या लेखात आभार मानून टाक." ते म्हणाले हे खरं आहे, पण मी हट्ट धरला असता तर त्यांनी चौकट दिली असती, असे हट्ट मी इतर बाबतीत धरत होतो. समारोपाचा लेख ४ मार्चला आला. त्यात मी लिहिलं, 'या मालेसाठी अनेक जाणकारांचे साहाय्य झाले.' नाव एकाचंही घेतलं नाही, कारण एकाचं घेतलं असतं तर ते अकराव्या लेखातच का नव्हतं असा प्रश्न आला असता. लेखाचं कात्रण तोवर पुण्याला पोचलं होतं.

मार्चच्या चोवीस तारखेला, शनिवारी, मी कंपोझिंगमध्ये गेलो तर रज्जाकभाई सुतळी सोडून त्या सात ओळींचे खिळे एकेक करून आपापल्या घरात टाकत होते.

"हे का मोडताय?"

"मास्तर गेले. गुरुवारी. माती मीच दिली, म्हणजे अग्नी. दुसरं कोण होतं?" त्यांनी वर पाहिलं नाही. "शिसं कशाला अडकवून ठेवायचं?"

मी जागेवर गेलो आणि टेबलाखालची पिशवी जमिनीवर ओतली. एकशे अडतीस पत्रं होती. सुमतीचं पत्र अंतर्देशीय होतं, जत तालुक्यातल्या एका गावाचा शिक्का, तारीख २० फेब्रुवारी. आमच्याकडे ते २२ला आलं होतं. मजकूर असा:

'स. न. वि. वि. कुंभ राशीवरचा लेख वाचला. शेवटी पाणक्याचं लिहिलं आहे ते आमच्या घरातलं आहे. दुसऱ्या कुणाला ते माहीत असणं शक्य नाही. ज्यांनी सांगितलं ते हयात आहेत का, आणि कुठे राहतात, एवढंच कळवावे. मी त्यांना त्रास देणार नाही. सौ. सुमती रणभिसे.'

खाली पूर्ण पत्ता होता.

हे पत्र एकतीस दिवस माझ्या पायाशी होतं आणि त्यातले एकोणतीस दिवस नाझरे जिवंत होते. गावभाग आमच्या कचेरीपासून चालत बारा मिनिटांवर आहे.

मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. वडील २२ मार्चला वारले, कृपया कचेरीत येऊन भेटावे, सविस्तर सांगेन. सविस्तर सांगेन हे मी खरोखर सांगायचं ठरवून लिहिलं होतं. कसं सांगायचं त्याची वाक्यंही मनात जुळवली होती.

ती एप्रिलच्या तीन तारखेला आली. मंगळवार, दुपारचे दोन. चाळिशीच्या आतली, पांढऱ्या सुती साडीतली, खांद्याला कापडी पिशवी. दवाखान्यातल्या कामावरून परस्पर आली होती, रजा अर्ध्या दिवसाचीच मिळाली असं म्हणाली. रज्जाकभाई जेवायला गेले होते. मी तिला पाणी दिलं.

"त्यांना काय झालं होतं?"

"छातीचं दुखणं. पाच-सहा महिने होतं."

"जवळ कोण होतं?"

"आमचे फोरमन. त्यांचे शिष्यच ते."

"रज्जाक?" तिचा चेहरा जरा सैल झाला. "रज्जाकदादा आमच्याकडे जेवायला यायचे. आई त्यांना जास्तीची भाकरी वाढायची आणि बाबा म्हणायचे, वाढ, खिळे उचलायला ताकद लागते."

तिनं पिशवीतून लेखाचं कात्रण काढलं. नीट कापलेलं होतं. ते टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मी हे चार वेळा वाचलं. नाव कुठे सापडेल म्हणून. 'ते सांगतात' आहे, पण ते कोण, हे नाही. तुम्ही नाव का नाही घातलंत?"

एवढ्या सरळ प्रश्नाची मी तयारी केली होती. सात ओळी, निविदा, मग माझा निर्णय, मग पिशवी. पण ती समोर बसली होती, तिचा हात कात्रणावर होता, नेमका त्या शेवटच्या परिच्छेदावर.

"त्यांनीच नको म्हटलं होतं," मी म्हणालो.

वर पंखा फिरत होता आणि तिनं कात्रण उडू नये म्हणून त्यावर पेल्याची बशी ठेवली.

"पत्तासुद्धा नको म्हणाले?"

"काहीच नको म्हणाले."

"म्हणजे राग गेला नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, गोष्ट सांगितलीय म्हणजे गेला असेल."

इथे मी बोलू शकलो असतो. वेळ होता, नंतर मनात मोजून पाहिलं तर मिनिटभर तरी असेल.

"माझं पत्र तुम्हाला कधी मिळालं?"

"तुम्हाला कार्ड टाकलं त्याच सुमारास."

"पोस्टाचं काही खरं नाही," ती म्हणाली. "वेळेत मिळालं असतं तर तुम्ही त्यांना दाखवलं असतंत?"

"दाखवलं असतं."

"त्यांनी घेतलं नसतं कदाचित."

मी मान हलवली. कशाला हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, हे तिलाही कळलं नसेल. तिनं बशी उचलून कात्रणाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. उठली. दारापाशी गेली आणि तिथून वळली.

"शेवटी माझ्याविषयी काही बोलले का?"

मंगळवारच्या त्या सकाळी ते तासभर बोलले होते. त्यातली वीस मिनिटं आकाशाविषयी होती. बाकीची तिच्याविषयी. वही माझ्या खणात, हाताच्या अंतरावर होती. त्यात ती रोज संध्याकाळी काय विचारायची तेही लिहिलेलं होतं. पण त्यातलं एक वाक्य सांगितलं असतं तरी आधी सांगितलेलं सगळं खोटं ठरलं असतं. जो माणूस मुलीविषयी असा बोलतो तो आपलं नाव नको म्हणणार नाही, हे तिला लगेच कळलं असतं. ती कंपॉझिटरची मुलगी होती.

"नाही," मी म्हणालो. "राशींविषयीच बोलले."

"बरं," ती म्हणाली.

पदर खांद्यावरून घेतला, चपला घातल्या. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून तिनं विचारलं की जतची गाडी आता कितीला आहे.

"तीन दहा," मी म्हणालो. "ती चुकली तर पावणेपाच."

ते मात्र बरोबर होतं.